हिरवी रेघ, काळी रेघ

बेचाळीस अंश. पंखा गरम हवाच ढवळतोय.
अशोक चौकाच्या मागे, आमच्या दोन खोल्यांत,
रात्री साडेदहाला
आम्ही बर्फ निवडतोय.

भाग्यलक्ष्मीला येतं. मला येत नाही.
सगळं इथून सुरू होतं.
ती मुलींच्या शाळेत पीटी शिकवते.
लग्नाआधी औलीला चौदा दिवसांचा कोर्स,
मग दोनदा गुलमर्ग.
तिच्या गुडघ्यांना उतार तोंडपाठ आहेत,
माझ्या गुडघ्यांना फक्त जिने कळतात, तेही चढताना.
मी चादरीवर मोर काढतो. म्हणजे
आलेखाच्या कागदावर चौकोन भरतो,
मग कार्डाला भोकं, मग माग, मग मोर.
बर्फ मी पाहिलाय तो
लस्सीच्या गाड्यावर, गोणपाटात, भुशासकट.

"सोलंगला जाऊ," मी म्हणतो. "सोपं असतं म्हणे."
"तुला सोपं. मी दुपारपर्यंत
जांभया देत बसेन."
"मग औली."
"तिथला दगडन् दगड मला ओळखतो."
"मग तुझं ते अफरवट."
ती हसते. "तिथून तुला खाली आणायला
चार माणसं लागतील, अंबादास."

कारखान्यात शफीक विचारतो,
"बर्फ बघायला जाऊलालास का पडायला बे?"
आई शेंगा सोलता सोलता तेलुगूत म्हणते,
मेल्लगा, मेल्लगा. हळू, हळू.
मला म्हणते की डोंगराला, कळत नाही.

काल मी म्हणून गेलो, तू एकटीच जा.
भिशी तुझी, हौस तुझी,
मी कशाला पायात लोढणं.
ती काही बोलली नाही.
उठून माठातलं पाणी प्याली
आणि एक पेला माझ्यासमोर ठेवला,
जरा जोरात.

म्हणून आज कागद काढला. मोराचा.
मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन आखले,
म्हटलं, सांग, तुझा डोंगर कसा उतरतो.
ती सांगत गेली, मी भरत गेलो.
शिकणाऱ्याची रेघ हिरवी:
वीस चौकोन आडवे तेव्हा एक खाली.
तिची काळी:
दोन आडवे, एक खाली,
मध्ये कुठे कुठे आडवं काही नाहीच.
तिथे माझी पेन्सिल थांबली.
"इथे काय करतेस?"
"काही नाही. श्वास सोडते."
अकरा वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

चादरीत दोन रंग असतात.
वर हिरवा दिसतो तिथे पाठीला काळा,
उलटी करा, मोर तोच.
हे मला बोलायचं होतं, पण
असलं बोलायला जमत नाही.
मी विचारलं, "या दोन रेघा
खाली कुठे पोचतात?"
तिने बोट ठेवलं. बोटाला शेंगाचटणी होती,
कागदावर लाल ठिपका पडला.
"इथे. कहव्याची टपरी आहे."
"दोन्ही?"
"दोन्ही. तू आधी पोचशील,
तुला जायचंच किती लांब आहे!"

मग ठरलं. गुलमर्ग, फेब्रुवारी,
दिल्लीपर्यंत कर्नाटक एक्स्प्रेसचं स्लीपर,
स्वेटर तिच्या भावाचे.

आता अकरा वाजलेत, लाईट गेलीय,
आणि मी मोबाईलच्या उजेडात
लोकरी मोजे घालून उभा आहे फरशीवर,
अंगाला घामाच्या धारा.
"अंगठे जवळ, टाचा लांब.
समोशासारखं. वाक. अजून वाक.
माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ."
पायाखाली चादर, माझाच मोर,
ती दुसऱ्या टोकाने ओढते.

दोन फरश्या गेलो.
तिसरीला कपाट आलं.
आतल्या खोलीतून आई काहीतरी म्हणाली.
आम्ही दोघं तोंडावर हात धरून
तसेच बसलो, खाली, चुरगळलेल्या मोरावर.
"परत?" तिने विचारलं.